आकडा मोठा, थंडी तेवढीच

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी शेती आहे आणि दावणीला दोन-चार म्हशीही आहेत. या महिन्याचा विषय जरा कारखान्यातला वाटला, तरी तो शेवटी घरच्या दुधाच्या चरवीपर्यंत येतो, हे आरंभीच सांगून ठेवतो.

गेल्या उन्हाळ्यात निपाणीजवळच्या बोरगावी एका दूध संकलन केंद्राच्या बैठकीस बसण्याचा योग आम्हांस आला. संध्याकाळचे हजार लिटर दूध थंड करणारे यंत्र घ्यावयाचे होते. तीन दरपत्रके समोर होती. पहिल्यात यंत्राची शक्ती ‘३.३ टन’, दुसऱ्यात ‘४०,००० बीटीयू’ आणि तिसऱ्यात ‘४ किलोवॅट’ अशी दिलेली. दुसऱ्याची किंमत सर्वांत अधिक. एक वयस्क काकी म्हणाल्या, “अहो सेक्रेटरी, मोठा आकडा आहे तोच घ्या. चार पैसे जास्त गेले तर जाऊ देत, पण दूध नासायला नको.” सर्वांनी माना डोलावल्या. काकींची काळजी रास्त होती. त्या दुधावरच त्यांच्या नातवंडांच्या शाळेचा खर्च चालतो. चूक होती ती आकड्यांची तुलना करण्यात.

जुन्या लोकांना आठवत असेल, दशमान वजने १९५८ पासून टप्प्याटप्प्याने रूढ होण्यापूर्वी एका गावचा शेर दुसऱ्या गावच्या शेराशी जुळेलच असे नसे. बाजारात जाणारा शहाणा मनुष्य ‘किती शेर’ याआधी ‘कुठला शेर’ हे विचारी. उष्णतेच्या मापांचे आजही तसेच आहे.

एक लिटर पाणी एक अंश सेल्सियसने तापविण्यास लागणारी उष्णता म्हणजे एक किलोकॅलरी. एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटने तापविणारी ती बीटीयू; हे इंग्रजी माप पुष्कळच लहान असल्याने एका किलोकॅलरीत जवळजवळ चार बीटीयू मावतात. आणि ‘टन’ हे यंत्राचे वजन नव्हे. पूर्वी थंडावा मिळे तो बर्फातून. १८३३ साली तर अमेरिकेतील बोस्टनहून बर्फ भरलेले जहाज थेट कलकत्त्यास आले होते. पुढे यंत्रे आली, तेव्हा त्यांची शक्तीही बर्फातच मोजली गेली. एक अमेरिकन टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता त्याच वेळात काढून नेणारे यंत्र ‘एक टनाचे’. तासाचा हिशेब केला, तर हा टन म्हणजे १२,००० बीटीयू, किंवा ३,०२४ किलोकॅलरी, किंवा ३.५२ किलोवॅट.

आता दुधाकडे वळू. धारेचे ऊन दूध ३५ अंशांवरून ४ अंशांवर आणावयाचे, म्हणजे ३१ अंश उतरवावयाचे. दुधास पाण्यापेक्षा किंचित कमी उष्णता लागते. म्हणून हजार लिटरांमागे सुमारे ३०,००० किलोकॅलरी धरू. हे काम तीन तासांत व्हावे, तर तासाला १०,००० किलोकॅलरी हव्यात. ३.३ टनांचे यंत्र जवळजवळ तेवढेच देते, आणि ४०,००० बीटीयूचेही तेवढेच! दोन्ही दरपत्रकांत थंडी एकच. फरक फक्त मापाचा आणि किमतीचा.

तिसऱ्या दरपत्रकातील ‘४ किलोवॅट’ ही आणखी निराळी गोष्ट. चौकशी केली, तेव्हा तो विजेचा खर्च असल्याचे कळले. थंडीचा आकडा त्यात लिहिलेलाच नव्हता. शीतयंत्र थंडी उत्पन्न करीत नाही. ते आतली उष्णता उपसून बाहेर टाकते, आणि खर्चलेल्या विजेच्या दोन-तीनपट उष्णता उपसू शकते. म्हणून ‘किलोवॅट’ वाचताच खाल्लेल्या विजेचा की उपसलेल्या उष्णतेचा, हे विचारावे. तिसऱ्या यंत्राची थंडी ११.६ किलोवॅट निघाली, म्हणजे पुन्हा तीच ३.३ टन!

मात्र माप एक झाले म्हणजे सर्व झाले असे नव्हे. बाहेरची हवा जितकी तापलेली, तितकी यंत्राची शक्ती घटते. तेव्हा दिलेला आकडा किती अंशांच्या हवेत मोजला, हे लेखी मागावे. वैशाखात चाळीस अंशांच्या आसपास ऊन असता जे यंत्र कमी पडेल, त्यातील दूध अधिक वेळ कोमट राहील आणि जंतूंचे फावेल.

हाच हिशेब घरीही उपयोगी पडतो. दीड टनाच्या वातानुकूलकाची थंडी ५.३ किलोवॅट असली तरी तो वीज त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपासच खातो. उलट, गीझरच्या कांडीत जेवढी वीज तेवढीच उष्णता. एक युनिट वीज म्हणजे ८६० किलोकॅलरी. पंधरा लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर नेण्यास ५२५ किलोकॅलरी लागतात. म्हणजे दोन किलोवॅटच्या गीझरला सुमारे अठरा मिनिटे पुरे. तो तासभर चालू ठेवणाऱ्यांनी याचा विचार करावा.

बैठकीत मग तिन्ही आकडे फळ्यावर एका मापात मांडले गेले. काकींनी ते नीट पाहिले आणि म्हणाल्या, “म्हणजे शेर एकच, पायली नुसती वेगवेगळी.” त्यानंतर चर्चा झाली ती किमतीची, विजेच्या बिलाची, आणि बिघाड झाल्यास दुरुस्तीला माणूस किती तासांत येईल याची. आमच्या मते खरी चर्चा तीच होय.