माणसे सांभाळणारा माणूस

जवाहरनगरच्या आयुध निर्माणीचे कामगार आमच्या शहापुरात कापड घ्यायला येतात. बोलता बोलता विषय साहेबांवर येतो. रजेचा अर्ज कोणी नीट वाचला, हे त्यांच्या बरोबर लक्षात असते.

कायद्याने मोठ्या कारखान्यात कल्याण अधिकारी लागतो. आपल्याकडे सगळे मुनीमच. माझ्या जुन्या मुनीमाचा हिशेब चोख, पण तो माझ्या मर्जीचेच सांगायचा. दोन कारागीर सोडून गेले, तेव्हा कळले की त्यांची गाऱ्हाणी माझ्यापर्यंत आलीच नव्हती. दोष त्याचा, आणि माझाही. ऐकायची माझी तरी तयारी कुठे होती?

नागपूरची एम्प्रेस मिल 1877 साली सुरू झाली. जमशेटजी टाटांनी व्यवस्थापक नेमले ते बेझनजी मेहता. माणूस रेल्वेच्या मालखात्यातला, गिरणीचा अनुभव नाही! तरी याच मिलमध्ये 1886 साली पेन्शन फंड आला आणि 1895 पासून अपघाताची भरपाई मिळू लागली. (मिल पुढे बंद पडली, ती कहाणी वेगळी.)

तेव्हा मुनीम नेमताना आकडेमोड जरूर पाहा. पण मालकाला ‘हे चुकते आहे’ म्हणायची हिंमत त्याच्यात आहे का, तेही पाहा. नव्या मुनीमाला मी पहिल्याच दिवशी तसे सांगितले. महिन्यात त्याने मला दोनदा टोकले आहे.