अर्धी पणजी पाहून परतणारांस

पणजीच्या जुन्या वस्तीवर सध्या एक अन्याय चालू आहे, आणि तो करणारांत आमची माणसेही सामील आहेत, म्हणून हे लिहिणे प्राप्त झाले. प्रवासाचा धंदा करणारांनी फोंतेन्हासला ‘लॅटिन वस्ती’ असे नाव देऊन, भारतात राहून युरोप पाहण्याचे ठिकाण म्हणून तिची जाहिरात केली आहे. पिवळी भिंत, निळी चौकट, लाल कौले, एक छायाचित्र, आणि लगेच मोटार समुद्रकिनाऱ्याकडे! याला नगरदर्शन म्हणायचे, तर पंचांगाचे वेष्टन पाहून मुहूर्त सांगणाराला ज्योतिषी म्हणावे लागेल.

दोष येण्याच्या रीतीपासूनच सुरू होतो. गोव्यात आज दोन विमानतळ आहेत. दाबोळीचा पोर्तुगीज सरकारने १९५० च्या दशकात बांधला. १९६१ नंतर तो आपल्या नौदलाकडे आला आणि नागरी वाहतूक आजही त्याच तळावरून होते. पेडणे तालुक्यात मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून ५ जानेवारी २०२३ पासून विमाने ये-जा करू लागली. एक जुवारीच्या दक्षिणेस, दुसरा मांडवीच्या उत्तरेस; पणजी या दोन नद्यांच्या मधल्या तिसवाडीत. दोन्हीकडून कदंब महामंडळाच्या बसगाड्या पणजीस येतात. पाटोवरील बसस्थानकापासून मळ्याची खाडी ओलांडली की माणूस पायी दहा-पंधरा मिनिटांत जुन्या वस्तीत शिरतो. एवढी सोय असता भाड्याची मोटार गल्लीच्या तोंडाशी नेऊन उभी करण्याचा हट्ट कशासाठी? या गल्ल्या चालणाऱ्या माणसाच्या मापाने आखलेल्या आहेत. तेथे मोटारींची रांग लागली, म्हणजे पाहणाराला वस्ती दिसत नाही आणि राहणाराला स्वतःचे दार उघडता येत नाही.

खाडी पायी ओलांडणारास मात्र जाहिरातीत नसलेली पणजी दिसते. समोर आल्तिन्होची टेकडी, तिच्या उतारावर मारुतीचे मंदिर, पायथ्याशी मळा आणि त्यालाच लागून फोंतेन्हास. फोंतेन्हास हे नाव झऱ्यांवरून पडले, आणि फोंत फेनिक्स हा जुना झरा मळ्यावरच आहे. मारुतीच्या जत्रेला टेकडी दिव्यांनी उजळते तेव्हा तो उजेड ‘लॅटिन’ छपरांवरही पडतो. कोठे थांबावे हे त्याला कोणी सांगितलेले नाही.

आता इतिहास पाहा. फोंतेन्हासमधील संत सेबास्तियनच्या कपेलात जो क्रूस आहे, तो पूर्वी जुन्या गोव्यात इन्क्विझिशनच्या वाड्यात होता. ते भयंकर न्यायासन १८१२ साली कायमचे बंद झाले. त्यानंतर अवघ्या सहा वर्षांनी, १८१८ साली, याच पणजीत महालक्ष्मीचे मंदिर उभे राहिले. सोळाव्या शतकात ज्या तिसवाडीतली देवळे पाडली गेली, त्या तिसवाडीत पोर्तुगीज सत्तेच्याच परवानगीने हे घडले! तो क्रूस आणि ही देवी यांच्यामध्ये पायी चालणारास अर्ध्या तासाचेही अंतर नाही. जुन्या सचिवालयाजवळ म्हामाय कामतांचा वाडा आहे. या व्यापारी घराण्याच्या दप्तरातून इतिहासाचे संशोधक आजही सामग्री मिळवतात. त्याच परिसरातला आबे फारियाचा पुतळा १९४५ साली घडवला तो रामचंद्र पांडुरंग कामत यांनी. असे असता या नगराचा एक कोपरा कापून त्याला ‘लॅटिन’ म्हणायचे आणि बाकीचे विसरायचे, याला आम्ही इतिहासाची चोरी म्हणतो. ही चोरी हिंदूंचीही होते आणि ख्रिस्ती शेजाऱ्यांचीही. कारण त्यांनाही आपल्याच गावात परदेशी ठरवले जाते.

परंतु दुसरा पक्ष आमच्याच मंडळींचा आहे. ते म्हणतात, ही परक्यांची खूण आहे. पाट्या उतरवा, नावे बदला, आम्हांला तेथे पाहण्यासारखे काही नाही. या मंडळींना आम्ही एकच रस्ता दाखवतो. फोंतेन्हासमधून ‘३१ जानेवारी’ या नावाचा रस्ता जातो. पोर्तुगालच्या अनेक शहरांत या नावाचे रस्ते आहेत, आणि ते ३१ जानेवारी १८९१ रोजी पोर्तो शहरी झालेल्या प्रजासत्ताकवाद्यांच्या उठावाचे स्मरण आहे. तो उठाव फसला; पण १९१० साली लिस्बनमध्ये राजसत्ता कोसळून प्रजासत्ताक आले, आणि त्या प्रजासत्ताकाने गोव्यातल्या हिंदूंना कायद्यापुढे समान नागरिकत्व दिले. सरकारी नोकऱ्यांची दारे आमच्या आजोबा-पणजोबांना त्यानंतर उघडली. ही पाटी पुसणारा कोणाचा इतिहास पुसतो? परक्यांचा नव्हे, आपल्याच घराण्याचा. दस्तऐवज नावडता आहे म्हणून फाडून टाकणारा पक्षकार आपलाच दावा गमावतो, हे आम्हां वकिलांना निराळे सांगावे लागत नाही.

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथून कुलदेवतेच्या दर्शनास येणाऱ्या आमच्या वाचकांस विशेष विनंती आहे. आपण विमानातून उतरता आणि थेट फोंड्याकडे जाता. मंगेशी, कवळे, म्हार्दोळ, बांदिवडे येथे अवश्य जावे. पण दाबोळीहून पणजीचा रस्ता ज्या कुठ्ठाळीवरून जुवारी ओलांडतो, तेथेच मंगेशाचे मूळ स्थान होते. तेथून देव नदीपलीकडे गेले. देव गेले ती कथा आपल्याला पाठ आहे. देव परत येऊ लागले त्याची साक्ष पणजीत आहे, तिच्याकडे पाठ का? एक सकाळ या वस्तीसाठी राखावी. महालक्ष्मीपासून निघून जुन्या सचिवालयावरून फोंतेन्हासमध्ये यावे आणि मळ्यावरून मारुतीच्या पायऱ्या चढाव्यात.

आणि जाताना मर्यादा सोबत न्यावी. गाभाऱ्यात छायाचित्र काढू नये हे आपल्याला सांगावे लागत नाही. सभामंडपात शिरताना पादत्राणे आपोआप उतरतात. मग दुसऱ्याच्या घराच्या पायरीवर बसून, त्याच्या खिडकीला टेकून, विवाहापूर्वीच्या छायाचित्रांचा समारंभ करताना ती मर्यादा कोठे जाते? येथल्या रहिवाशांना घरांवर मनाईच्या पाट्या लावाव्या लागल्या, ही शरमेची गोष्ट आहे. भिंत सार्वजनिक रस्त्यावरून दिसते, म्हणून ती पाहण्याचा अधिकार सर्वांना आहे. उंबरठ्यावर तो अधिकार संपतो. त्या भिंतीला दर पावसाळ्यानंतर रंग द्यायचा तो घरमालकाने, गळके कौल बदलायचे ते त्याने, आणि तिच्या चित्रावर कमाई करायची ती दुसऱ्याने, हा कोणता न्याय?

आमची मागणी मोठी नाही. विमानतळावर आणि बसस्थानकावर जी पत्रके ठेवली जातात त्यांत मळा, मारुती आणि महालक्ष्मी फोंतेन्हासच्या पानावरच छापावीत. जुन्या गल्ल्यांत प्रवाशांच्या मोटारींना बंदी असावी. आणि पाहुण्याने दार वाजवल्याशिवाय पायरीवर पाय ठेवू नये. पहिल्या दोन गोष्टी सरकारने करावयाच्या आहेत. तिसरीसाठी कोणत्याही सरकारची वाट पाहण्याचे आपल्याला कारण नाही.