पंधरा मिनिटांचा आकडा दिल्लीला कळतो, तेरवाडला का कळत नाही?

साखर कारखान्यांची धुराडी पेटली की पंचगंगेच्या खालच्या अंगाला असलेल्या गावांत दोन गोष्टी एकदम सुरू होतात. एक म्हणजे ऊसतोडीची धावपळ. दुसरी म्हणजे नदीवर नजर. पाणी काळं पडलंय का, फेस आलाय का, वास सुटलाय का, हे सकाळी मोटर सुरू करायला गेलेला माणूस आधी बघतो. शिरोळ तालुक्यात तेरवाड बंधाऱ्याजवळ मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या इतक्या वेळा आल्यात की बातमीचा साचाच ठरून गेलाय. मासे तरंगले, ग्रामस्थ संतापले, अधिकाऱ्यांनी पंचनामा केला, पाण्याचे नमुने घेतले, अहवालाची वाट बघणं सुरू.

या साच्यात एक प्रश्न सहसा येत नाही. वरच्या कारखान्यांच्या सांडपाण्याच्या मीटरवर त्या रात्री आकडा काय होता?

हा प्रश्न विचारता येतो, कारण तो आकडा असतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने ५ फेब्रुवारी २०१४ रोजी सगळ्या राज्य मंडळांना निर्देश दिले. जास्त प्रदूषण करणाऱ्या १७ प्रकारच्या उद्योगांनी सांडपाणी आणि धूर सतत मोजणारी ऑनलाइन यंत्रणा बसवायची, असा तो आदेश होता. या १७ मध्ये साखर कारखाने आहेत, डिस्टिलरी आहेत, कागद गिरण्या आहेत. अनेक उद्योगांचं पाणी एकत्र साफ करणाऱ्या सामुदायिक प्रक्रिया केंद्रांनाही हा नियम लागू झाला. म्हणजे या गोष्टीला दहा वर्षं उलटून गेली. मीटर आहे, इंटरनेट आहे, सर्व्हर आहे. मग मासे मेल्यावर बाटली घेऊन माणूस का पाठवावा लागतो?

मीटर काय मोजतं

साखर कारखान्याच्या प्रक्रिया केंद्रातून पाणी बाहेर पडतं, त्या जागी सेन्सर बसवलेले असतात. पाणी आम्लधर्मी आहे की अल्कधर्मी, त्यात तरंगता गाळ किती, बीओडी आणि सीओडी किती, पाणी किती लिटर वाहिलं, हे ते मोजतात. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाईल त्याचं माप. मासे मरण्याचं कारण बहुतेक वेळा इथंच असतं. मळीमिश्रित पाणी नदीत आलं की त्यातली साखर आणि सेंद्रिय घाण जिवाणू खातात आणि खाताना पाण्यातला ऑक्सिजन संपवतात. माशांना जगायला लिटरमागे साधारण ४ मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो. तो त्याखाली बराच वेळ राहिला की मासे वर येऊन तोंड उघडतात आणि मग उलटे होतात. गावात लोक म्हणतात, पाण्यात विष कालवलं. खरं तर बऱ्याचदा मासे विषाने मरत नाहीत, गुदमरून मरतात.

प्रयोगशाळेत बीओडी काढायला तीन दिवस लागतात. सेन्सर पाण्यातून प्रकाश सोडून किती प्रकाश शोषला गेला यावरून लगेच अंदाज देतो. दर पंधरा मिनिटांची सरासरी राज्य आणि केंद्रीय मंडळाच्या सर्व्हरवर जाते. मर्यादा ओलांडली की कारखाना आणि मंडळाकडे आपोआप एसएमएस जातो. आकडा यंत्रातून थेट सर्व्हरवर जावा, मधे कारखान्याच्या संगणकात अडकू नये, असंही मार्गदर्शक सूचनांत आहे. हेतू उघड आहे. मधे कुणाचा हात लागायला नको.

मर्यादाही ठरलेल्या आहेत. साखर कारखान्यांसाठी २०१६ च्या अधिसूचनेनुसार नदीनाल्यात सोडायच्या पाण्याचा बीओडी लिटरमागे ३० मिलिग्रॅमच्या आत हवा. जमिनीवर सोडायचं असेल तर १०० च्या आत. प्रक्रिया केलेलं पाणी गाळलेल्या उसाच्या टनामागे १०० लिटरपेक्षा जास्त नको. दिवसाला ५,००० टन गाळणाऱ्या कारखान्याचा हिशोब मांडला तर हे ५ लाख लिटर होतं, म्हणजे १० हजार लिटरचे ५० टँकर. त्याहून जास्त वाहिलं तर ते फ्लोमीटरवर दिसायला हवं.

डिस्टिलरीचं प्रकरण आणखी गंभीर आहे. मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढताना साधारण ८ ते १५ लिटर स्पेंटवॉश निघतो आणि त्याचा बीओडी ४० हजारांच्या वर असू शकतो. नदीच्या ३० च्या मर्यादेशी त्याची तुलनाच होत नाही. म्हणूनच डिस्टिलरीने थेंबही बाहेर सोडायचा नाही असा नियम आहे. तिथं बाहेरच्या पाण्याचा दर्जा मोजायचा प्रश्न येत नाही. पाणी बाहेर जातंय का हे बघायला फ्लोमीटर आणि फिरता कॅमेरा लावायचा असतो.

मीटरला काय दिसत नाही

मीटर ज्या पाइपला लावलंय त्याच पाइपातलं पाणी मोजतं. रात्री दुसऱ्या चरातून, ओढ्यातून किंवा टँकरने काही गेलं तर मीटर गप्प राहतं. खोटं न बोलताही ते चुकीचं चित्र दाखवू शकतं. प्रोबवर शेवाळ चढलं तर आकडा बिघडतो. वेळेवर कॅलिब्रेशन झालं नाही तर बिघडतो. वीज गेली, मोबाइलची रेंज गेली की ओळ तुटते. प्रोब साध्या पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवला तर बादलीतलं पाणी छान आहे असंच तो सांगणार.

म्हणून नुसता आकडा मर्यादेत आहे का एवढं बघून चालत नाही. दिवसेंदिवस एकच आकडा सरळ रेषेत चाललाय का? मध्यरात्री ते पहाटे ओळ नेमकी तुटते का? गाळप पूर्ण जोरात असताना फ्लोमीटर शून्य कसं दाखवतं? अशा खुणा ओळखायला इंजिनिअर लागत नाही. वीजबिलात सहा महिने एकच रीडिंग आलं तर घरातली बाईसुद्धा विचारते. तसंच आहे हे.

दुसरी मर्यादा नदीची. पंचगंगा सुमारे ८० किलोमीटरची नदी. प्रयाग चिखलीपासून नृसिंहवाडीपर्यंत तिच्या वाटेत बंधाऱ्यामागून बंधारे आहेत. राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ. बरगे घातले की पाणी तुंबतं, घाण तळाला बसते. बरगे काढले की साचलेलं सगळं एकदम खाली येतं. मग मासे मेलेले गाव एक आणि घाण सोडलेली जागा दुसरी, तारीखही वेगळी. त्यात कोल्हापूर आणि इचलकरंजी शहरांचं सांडपाणी, काठावरच्या गावांची गटारं, कापड प्रोसेसचं पाणी मिसळतं. दोष कुणाचा हे नुसतं नदीत डोकावून सांगता येत नाही. नेमक्या अशाच ठिकाणी वेळेसकट असलेला आकडा कामाला येतो. नियम पाळणाऱ्या कारखान्यालाही तो वाचवतो, कारण 'आमचं पाणी नव्हतं' हे त्याला दाखवता येतं.

बाटली का लागते

अधिकारी बाटली घेऊन येतो यामागे कायद्याचं कारण आहे. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्यातल्या कलम २१ मध्ये नमुना कसा घ्यायचा ते सांगितलंय. कारखान्याला नोटीस द्यायची, नमुन्याचे दोन भाग करायचे, सील करायचे, सह्या घ्यायच्या, प्रयोगशाळेत पाठवायचे. या पद्धतीने घेतलेला नमुनाच कोर्टात पुरावा म्हणून टिकतो. मीटरच्या आकड्यावरून मंडळ नोटीस काढू शकतं, तपासणीला जाऊ शकतं. पण खटला चालवायचा तर सीलबंद बाटलीच लागते. म्हणून मीटरचा खरा उपयोग वेळ गाठण्यात आहे. एसएमएस रात्री दोनला आला आणि माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी पोचला तर बाटलीत स्वच्छ पाणीच भरलं जाणार.

सुरतचा अनुभव इथं बघण्यासारखा आहे. तिथं २०१९ पासून गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाने धूलिकणांसाठी परवाने खरेदी-विक्रीची योजना सुरू केली. ३०० हून जास्त कारखान्यांवर तिचा अभ्यास झाला. धूर सतत मोजणारी यंत्रं सगळ्यांनाच सक्तीची होती. जे कारखाने योजनेत होते, म्हणजे जास्त धूर सोडला तर ज्यांच्या खिशातून पैसे जाणार होते, त्यांचं प्रदूषण बाकीच्यांपेक्षा २० ते ३० टक्क्यांनी कमी झालं. यंत्र दोघांकडेही होतं. आकड्याला परिणाम जोडलेला होता तो एकाकडेच. कोल्हापूरसाठी धडा सरळ आहे. मीटर बसवल्याने नदी साफ होत नाही. मीटरचा आकडा कुणीतरी रोज वाचतो आणि त्यावरून कुणाला तरी उत्तर द्यावं लागतं, तेव्हा फरक पडतो.

गप्प बसण्याची किंमत

मग गावं हा आकडा का मागत नाहीत? एक कारण माहितीचं आहे. सुप्रीम कोर्टाने २२ फेब्रुवारी २०१७ च्या निकालात राज्य मंडळांना सांगितलं होतं की अशी प्रत्यक्ष वेळेची माहिती सहा महिन्यांत पोर्टलवर लोकांसमोर ठेवा. पण पोर्टलवर आकडा असणं आणि तो गावातल्या माणसाला कळणं यात मोठं अंतर आहे. इंग्रजी तक्ते, तांत्रिक नावं, कुठला आकडा चांगला आणि कुठला वाईट याचा पत्ता नाही. शिरढोणच्या शेतकऱ्याने ते उघडून बघावं ही अपेक्षाच चुकीची.

दुसरं कारण जास्त खरं आहे आणि त्यावर कुणी मोठ्याने बोलत नाही. सहकारी कारखान्याचा सभासद आणि नदीकाठचा पीडित हा बऱ्याचदा एकच माणूस असतो. त्याचा ऊस कारखान्याला जातो, त्याच कारखान्याच्या पाण्याबद्दल तक्रार केली तर तोड वेळेवर मिळेल का, ही धास्ती असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये उभा ऊस वाळताना बघणं कुणाला परवडतं? म्हणून तक्रार नावानिशी होत नाही, 'ग्रामस्थांचा संताप' एवढ्यावर थांबते. संतापाला तारीख, वेळ आणि पाइपचा पत्ता नसतो.

पण हाच शेतकरी काट्याच्या बाबतीत वेगळा वागतो. उसाच्या वजनात मारणी होते म्हणून काटे डिजिटल करा, बाहेरच्या काट्यावरचं वजन मान्य करा, या मागण्यांसाठी शेतकरी संघटना रस्त्यावर आल्या. काट्याचा आकडा आपल्या पैशाचा आहे हे त्याला पक्कं माहीत आहे. सांडपाण्याचा आकडाही त्याच्याच विहिरीचा, जनावरांचा आणि नळाच्या पाण्याचा आहे, एवढंच अजून त्याच्यापर्यंत पोचलेलं नाही.

ग्रामपंचायतीला करता येण्यासारखं

यासाठी मोर्चा लागत नाही. कारखान्याला मंडळाने दिलेल्या संमतीपत्राची प्रत मिळवता येते. किती पाणी, कुठं, कोणत्या दर्जाचं सोडायचं हे त्यात लिहिलेलं असतं. माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करून नेमक्या तारखांचे पंधरा मिनिटांचे आकडे, गेलेले एसएमएस इशारे आणि कॅलिब्रेशनच्या नोंदी मागता येतात. अर्जात 'प्रदूषणाची माहिती द्या' असं मोघम लिहिलं तर उत्तरही मोघम येतं. जल कायद्याच्या कलम ४९ नुसार ६० दिवसांची नोटीस देऊन कुणीही नागरिक कोर्टात तक्रार करू शकतो आणि अशा तक्रारदाराने मागितल्यावर मंडळाने आपल्याकडचे संबंधित अहवाल त्याला द्यायचे असतात. नुकसानभरपाईसाठी हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम खंडपीठ पुण्यातच आहे.

अर्ज ग्रामपंचायतीच्या ठरावाने गेला तर एकट्या शेतकऱ्याचं नाव पुढे येत नाही. पाणी बिघडलेलं दिसलं की तारीख, वेळ, बंधाऱ्याचे बरगे घातलेले की काढलेले, एवढं वहीत टिपून ठेवलं तरी पुढे आकड्याशी ताळा घालता येतो. आणि सभासदांच्या हातात वार्षिक सर्वसाधारण सभा आहे. तिथं दराबरोबर एक प्रश्न विचारता येतो. गेल्या हंगामात आपल्या कारखान्याच्या मीटरने किती वेळा मर्यादा ओलांडल्याचा इशारा दिला आणि मीटर किती दिवस बंद होतं? कुठल्याही अध्यक्षाला याचं उत्तर देणं अवघड नाही, माहिती कारखान्याकडे असतेच.

या यंत्रणेवर कारखान्यांनी लाखो रुपये घातलेत आणि तो पैसा शेवटी सभासदाच्या उसातूनच आलाय. हा आकडा नदीकाठच्या प्रत्येक गावात मराठीत, कालचा आणि आजचा, पंचायतीच्या फळ्यावर लिहायला मात्र खडूपलीकडे खर्च नाही. तो लिहा असं सांगायला प्रदूषण नियंत्रण मंडळ, जिल्हा प्रशासन आणि कारखाने यांपैकी पहिलं कोण पुढे येतं, हा या हंगामातला बघण्यासारखा प्रश्न आहे.