अमेरिकेचा अध्यक्ष कोणीं निवडावा?

ज्या राष्ट्रानें लोकसत्तेचा डांगोरा सर्व जगभर पिटला, त्याच राष्ट्रांत सर्वांत मोठा अधिकारी नेमतांना लोकांचीं मतें नुसतीं मोजून भागत नाहीं, ही गोष्ट आमच्या पुष्कळ वाचकांस चमत्कारिक वाटेल. पण ती खरी आहे. २००० सालीं अल गोर यांस देशभर सुमारें साडेपांच लाख मतें अधिक पडलीं, आणि अध्यक्ष झाले जॉर्ज बुश. २०१६ सालीं हिलरी क्लिंटन यांचें मताधिक्य अठ्ठावीस लाखांच्या वर होतें, आणि अध्यक्ष झाले डोनाल्ड ट्रंप. १८७६ व १८८८ सालींही असेंच घडलें होतें. हा परक्यांच्या घरचा तंटा, त्यांत आपल्यास काय, असें कोणी म्हणेल, तर त्यानें २०२५ चा ऑगस्ट आठवावा. त्या महिन्यांत अमेरिकेनें हिंदुस्थानच्या पुष्कळ मालावरील जकात ५० टक्क्यांपर्यंत चढविली, आणि तो हुकूम एका अध्यक्षाच्या सहीनें निघाला. ज्या सहीनें येथल्या व्यापाऱ्याचे सौदे मोडतात, त्या सहीचा अधिकार कोणत्या रीतीनें मिळतो, याची चौकशी आपण करणें अस्थानीं नाहीं.

रीत अशी आहे. अमेरिकेचा मतदार अध्यक्षास मत देत नाहीं. आपल्या राज्याच्या निर्वाचकांस देतो. असे निर्वाचक एकंदर ५३८ असून २७० ज्याच्या बाजूस तो अध्यक्ष. प्रतिनिधि-सभेंत राज्याचे जितके सभासद, त्यांत सिनेटचे दोन मिळवून जी बेरीज येते, तितके त्याचे निर्वाचक. राजधानी वॉशिंग्टनला तीन. यांत दोन दोष आहेत. पहिला वजनाचा. २०२० च्या शिरगणतीप्रमाणें कॅलिफोर्नियांत ३ कोटि ९५ लाख लोक व ५४ निर्वाचक, म्हणजे सुमारें ७ लाख ३० हजार माणसांमागें एक. वायोमिंगमध्यें ५ लाख ७७ हजार लोक व ३ निर्वाचक, म्हणजे १ लाख ९२ हजारांमागें एक. एकाच पेढीवर एका गिऱ्हाइकास ऐंशी तोळ्यांचा शेर व दुसऱ्यास एकवीस तोळ्यांचा, असा प्रकार कोणता बाजार खपवून घेईल?

दुसरा दोष याहून मोठा आहे. मेन व नेब्रास्का हीं दोन राज्यें सोडून इतर सर्व ठिकाणीं ज्यास एक मत अधिक, त्याच्या पदरांत राज्याचे सगळे निर्वाचक पडतात. हरलेल्या पक्षाचीं लाखों मतें त्या क्षणींच पाण्यांत जातात. त्यामुळें जेथें निकाल आधींच ठरलेला, तेथें उमेदवार फिरकत नाहींत. २०२४ सालीं पेनसिल्व्हानिया, मिशिगन, विस्कॉन्सिन, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलायना, ॲरिझोना व नेव्हाडा या सात राज्यांतच खरी झुंज झाली. न्यूजर्सींत राहणाऱ्या व तेथील नागरिक झालेल्या आमच्या मराठी बंधुभगिनींनीं मत दिलें काय व न दिलें काय, अध्यक्षपदाच्या हिशेबांत फरक पडला नाहीं. २०२० सालीं बायडन यांस देशांत सत्तर लाखांचें मताधिक्य होतें. तरी ॲरिझोना, जॉर्जिया व विस्कॉन्सिन मिळून अवघीं ४३ हजार मतें जो फरक करीत होतीं, तो उलटा पडता, तर दोन्ही बाजूंस २६९ होऊन निवड प्रतिनिधि-सभेकडे गेली असती. तेथें लहानमोठ्या प्रत्येक राज्यास एकच मत! पुढील वर्षीं ६ जानेवारीस जो दंगा झाला, त्याला ही चोरवाट मोकळी ठेवणारी पद्धतिही कांहीं अंशीं कारण झाली, असें आम्हांस वाटतें. निर्वाचकांच्या मतगणनेचा कायदा २०२२ सालीं सुधारण्यांत आला हें ठीक झालें. पण तें भिंतीवरचें गिलाव्याचें काम, पाया होता तसाच आहे.

हा पाया पूर्वजांनीं विचारपूर्वक घातला, असें जुन्या पक्षाचे अभिमानी सांगतात. विचार कसला होता, तेंही पाहावें. १७८७ सालीं फिलाडेल्फियाच्या सभेंत जेम्स विल्सन यांनीं लोकांनींच अध्यक्ष निवडावा, असें सुचविलें होतें. मॅडिसन यांसही तत्त्वतः तें पसंत होतें. परंतु ज्यांना मताचा हक्क नाहीं अशा गुलामांची वस्ती दक्षिणेकडील राज्यांत मोठी असल्यामुळें त्या राज्यांचें वजन पडणार नाहीं, ही अडचण त्यांनीं स्वतःच बोलून दाखविली. निर्वाचकांच्या युक्तीनें ती अडचण दूर झाली. कारण पांच गुलाम म्हणजे तीन माणसें, असा हिशेब प्रतिनिधींच्या संख्येसाठीं धरलेला होता, तोच येथें लागू पडला. ज्याला माणूस म्हणून मत नव्हतें, त्याच्या डोक्याचें वजन त्याच्या धन्याच्या पारड्यांत पडलें. पहिल्या पांच अध्यक्षांपैकीं चार व्हर्जिनियाचे झाले, यांत नवल काय? गुलामगिरी १८६५ सालीं गेली. तिच्या सोयीसाठीं घातलेला सांचा मात्र राहिला. जुनें तेवढें सोनें म्हणणाऱ्यांनीं कसोटीवर घांसून पाहण्यास भिऊं नये.

लहान राज्यांचें रक्षण व्हावें म्हणून ही रीत हवी, असा दुसरा आक्षेप आहे. पण वायोमिंग किंवा व्हर्माँट येथें तरी उमेदवार कोठें जातात? रक्षण होतें तें लहान राज्यांचें नव्हे, कांठावरच्या राज्यांचें. लहान राज्यांस सिनेटमध्यें मोठ्यांच्या बरोबरीच्या जागा आहेतच. तेवढा संघराज्याचा मान पुरेसा आहे.

मग उपाय कोणता? राज्याचे निर्वाचक जिल्ह्यांप्रमाणें वांटावे, असें कांहीं मवाळ सुचवितात. परंतु मतदारसंघांच्या सीमा सत्ताधारी पक्ष आपल्या सोयीनें आंखतो, तेव्हां त्यानें रोग बरा न होतां पसरेल. घटनादुरुस्तीचा राजमार्ग एकदां जवळ आला होता. १९६९ सालीं थेट लोकमतानें निवड करण्याची दुरुस्ती प्रतिनिधि-सभेनें प्रचंड बहुमतानें मंजूर केली, अध्यक्ष निक्सन यांनीं तिला पाठिंबा दिला, आणि सिनेटमध्यें बर्च बाय यांनीं ती नेटानें लढविली. पण १९७० सालीं दक्षिणेकडील सभासदांनीं चर्चेचें चऱ्हाट लांबविलें, व तें तोडण्यास लागणारें दोन-तृतीयांश मताधिक्य मिळालें नाहीं. आज पन्नासांपैकीं अडतीस राज्यांची संमति मिळविणें त्याहून दुर्घट आहे.

म्हणून सुधारकांनीं आडवाट काढली आहे. देशांत ज्याला सर्वाधिक मतें, त्यालाच आपले निर्वाचक द्यावयाचे, असा करार राज्याराज्यांनीं करावा, व करारांतील निर्वाचकांची बेरीज २७० झाली कीं तो अमलांत यावा. २००७ सालीं मेरीलँडनें आरंभ केला. २०२४ च्या एप्रिलांत मेन सामील झालें, तेव्हां ही बेरीज २०९ झाली. हा उपाय आम्हांस स्तुत्य वाटतो, तथापि त्याचीं व्यंगें झांकण्यांत अर्थ नाहीं. तोंपर्यंत सामील झालेलीं राज्यें बहुतेक एकाच पक्षाकडे झुकणारीं होतीं. काँग्रेसच्या संमतीवांचून असा करार चालतो कीं नाहीं, हा वाद न्यायालयांत गेल्यावांचून राहणार नाहीं. आणि आज सही करणारें राज्य उद्यां माघार घेऊं शकतें. शिवाय उमेदवार पुष्कळ झाले, तर तिशी-पस्तिशी टक्के मतांवरही अध्यक्ष होईल. म्हणून करार ही पायरी समजावी, मुक्काम नव्हे. मुक्काम घटनादुरुस्तीचा, आणि तिच्यांत थेट मतदान, निम्मीं मतें न मिळाल्यास दुसरी फेरी किंवा मेनमध्यें आहे तसें पसंतिक्रमाचें मत, सर्व राज्यांत मतदारनोंदणीचे सारखे नियम, आणि नागरिक असूनही अध्यक्षनिवडीच्या मताला मुकलेल्या पोर्टो रिकोच्या तीस लाखांहून अधिक लोकांस हक्क, इतक्या गोष्टी असाव्या.

ही मागणी एका पक्षाच्या पराभवाचें रडगाणें नव्हे. २०२४ सालीं ट्रंप यांस निर्वाचकही अधिक मिळाले व मतेंही अधिक मिळालीं. तरी काटा खोटाच आहे. एखाद्या दिवशीं वजन बरोबर भरलें, म्हणून खोटा काटा खरा ठरत नाहीं. उलट निकालावर कोणाची तक्रार नसतां काटा दुरुस्त करावा, हेंच शहाणपणाचें.

आपल्याकडे राष्ट्रपति निवडतांना आमदाराच्या मताचें मूल्य लोकसंख्येवर बसवितात. २०२२ सालीं तें महाराष्ट्रांत १७५ व सिक्कीममध्यें ७ होतें. तत्त्व न्यायाचें आहे. पण तो हिशेब १९७१ च्या शिरगणतीचा होता, हें आपणही विसरूं नये. आपल्या राष्ट्रपतींच्या हातीं कारभार नसतो, म्हणून अप्रत्यक्ष निवड येथें शोभते. अमेरिकेच्या अध्यक्षाच्या हातीं सैन्य, जकाती व परराष्ट्रनीति आहे. एवढी सत्ता ज्याला द्यावयाची, त्याला ती देणाऱ्या प्रत्येकाचें माप सारखेंच असलें पाहिजे. २०२८ सालीं तो देश पुन्हा अध्यक्ष निवडील. तोंवर तेथील विचारी लोकांनीं हा काटा दुरुस्त करून घ्यावा, नाहींपेक्षां लोकसत्तेचा उपदेश इतरांस करण्याचा अधिकार तरी सोडावा.