कॅमेऱ्याला चेंडू दिसतो, चढाई दिसत नाही

जुलै २०२४मध्ये, पॅरिस ऑलिंपिक तोंडावर आलेलं असताना, कॅनननं 'ईओएस आर१' हा आपला सर्वांत वरचा कॅमेरा जाहीर केला. अमेरिकेतली किंमत तेव्हा ६,२९९ डॉलर होती. म्हणजे तेव्हाच्या दरानं पाच लाखांच्या वर, आणि तेही नुसत्या बॉडीचे. लेन्सचे पैसे वेगळे. या कॅमेऱ्यात 'अ‍ॅक्शन प्रायॉरिटी' नावाची एक सोय आहे. मैदानावर दहा-बारा जण असले तरी त्यातला नेमका कोण आत्ता खेळतोय हे कॅमेरा शरीराच्या ठेवणीवरून आणि चेंडूवरून ओळखतो आणि फोकस आपणहून त्याच्याकडे नेतो. व्हॉलीबॉलमध्ये स्मॅशसाठी उडालेला, बास्केटबॉलमध्ये बास्केटकडे चेंडू टाकणारा, फुटबॉलमध्ये किक मारणारा. कॅमेरा आला तेव्हा या सोयीला तीन खेळ येत होते: फुटबॉल, बास्केटबॉल आणि व्हॉलीबॉल.

कबड्डी येत नव्हती. खो-खो येत नव्हता.

यावर 'मग काय झालं, जपानी कंपनी आहे, त्यांना कबड्डीचं काय' असं म्हणून पुढे जाता येईल. मला जायचं नाही. मी गडचिरोली जिल्ह्यात, मुलचेरा तालुक्यात राहतो आणि खेळाचे फोटो काढतो. माझ्याकडे जुना, दुसऱ्या हाताचा डीएसएलआर आहे आणि ७०-२०० एमएमची एक लेन्स. आर१ मी विकत घेणार नाही, हे मला आणि कंपनीला दोघांनाही ठाऊक आहे. तरीही तो काय शिकला आणि काय शिकला नाही हा माझा प्रश्न आहे, आणि तुमच्या खिशात फोन असेल तर तुमचाही आहे.

आधी या महागड्या कॅमेऱ्यांबद्दल एक गैरसमज दूर करू. यूट्यूबवर पाहिलं तर वाटतं की क्रीडा छायाचित्रकाराला फक्त वेग हवा असतो. सेकंदाला किती फ्रेम, एवढंच मोजायचं. वेगाची ही शर्यत जुनी आहे. १९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी कॅनननं सेकंदाला १४ फ्रेम काढणारा फिल्मचा कॅमेरा बनवला होता. ३६ फोटोंचा रोल त्यात तीन सेकंदांच्या आत संपायचा. नोव्हेंबर २०२३मध्ये जाहीर झालेला सोनीचा 'अल्फा ९ थ्री' सेकंदाला १२० फ्रेम काढतो. कबड्डीची एक चढाई ३० सेकंदांची असते. त्या वेगानं पूर्ण चढाई टिपायची म्हटली तर हिशेबानं ३,६०० फोटो होतील. कॅमेऱ्याचा बफर त्याच्या कितीतरी आधी भरेल ही गोष्ट वेगळी. पण ३,६०० फोटोंमधून एक निवडायला बसणारा माणूस जगात कुठल्याच वर्तमानपत्राकडे नाही.

रोजच्या रोज हे काम करणाऱ्याला हवं असतं ते वेगळंच. कमी उजेडात फोटो फाटू नये. फोकस चुकू नये. पाऊस, धूळ आणि एकदा हातातून पडणं कॅमेऱ्यानं सोसावं. बॅटरी दिवसभर पुरावी. दोन कार्ड बसावीत, एक बिघडलं तर दुसऱ्यावर काम राहावं. आणि फोटो तिथल्या तिथे ऑफिसला जावा. म्हणूनच या वर्गातल्या कॅमेऱ्यांना थेट नेटवर्कची केबल जोडायची सोय असते. ऑलिंपिकच्या मैदानात छायाचित्रकाराच्या जागेपाशीच ती केबल आलेली असते आणि फोटो काही सेकंदांत संपादकाच्या पडद्यावर असतो. तिथे कंपन्यांचे सेवा-कक्ष असतात. कॅमेरा साफ करून देतात, लेन्स वापरायला देतात. छायाचित्रकार तक्रार करतो, अभियंता लिहून घेतो आणि पुढचं मॉडेल त्या तक्रारींतून घडतं. चांगली पद्धत आहे. फक्त त्या टेबलापर्यंत कोण पोचतो, एवढंच विचारायचं आहे.

आता आमचं मैदान बघा. गावातल्या स्पर्धा रात्री चालतात, कारण दिवसा खेळणाऱ्यांना आणि बघणाऱ्यांना शेतावर किंवा मजुरीला जायचं असतं. बांबूवर बांधलेले हॅलोजन किंवा एलईडी, बऱ्याचदा जनरेटरवर. आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेवर असले दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला ते कळत नाही, पण एक हजारांश सेकंदाच्या शटरला कळतं. एक फोटो उजळ येतो, लगेचचा दुसरा पिवळा आणि काळवंडलेला. या लुकलुकण्याशी जुळवून घेणारी सोय कॅमेऱ्यात असते. पण जनरेटर धापा टाकायला लागला की ती लय बिघडते.

मैदान पुरुषांसाठी १३ बाय १० मीटरचं, महिलांसाठी १२ बाय ८. म्हणजे दहा-बारा लाखांची ती पांढरी लांबलचक लेन्स आम्हाला लागतच नाही. आमचा खेळ जवळचा आहे, पण गर्दीचा आहे. चढाईपटू मध्यरेषा ओलांडतो, समोर सात जण साखळी धरून सरकत असतात. पकड झाली की चार-पाच जण त्याच्यावर असतात, त्याचा चेहरा कुणाच्या तरी काखेत आणि हात मध्यरेषेकडे लांबवलेला. फोटो त्या हाताचा आहे. चार बोटं आणि रेषा यांत उरलेल्या वीतभर अंतराचा. चेहरा आणि डोळा शोधायला शिकलेला कॅमेरा त्या वेळी सर्वांत स्वच्छ दिसणारा चेहरा धरणार, आणि तो मागे उभ्या असलेल्या, काहीच न करणाऱ्या बचावपटूचा असू शकतो.

खो-खो तर त्याहून कठीण. आठ जण रांगेत, आळीपाळीनं उलटसुलट तोंडं करून बसलेले. पाठलाग करणारा एक आणि पळणारे तीन. आठ चेहरे स्थिर आणि ज्यांच्याकडे बघायचं ते पाठमोरे किंवा खांबाला वळसा घालताना आडवे झालेले. चंद्रपूरला एकदा एका मित्राचा असाच लाखांतला कॅमेरा मला दोन दिवस वापरायला मिळाला. धुळीतून धावत येणाऱ्या माणसाचा डोळा त्यानं असा पकडून ठेवला की मी थक्क झालो. खो-खोला मात्र तो पुन्हा पुन्हा बसलेल्यांच्या चेहऱ्याकडे जाऊन थांबायचा. यंत्र बिघडलेलं नव्हतं. चेहरा शोध असं त्याला सांगितलं होतं आणि त्यानं चेहरा शोधला.

शिवाय आमच्या या दोन्ही खेळांत चेंडूच नाही. कबड्डीत सगळा खेळ दमावर आणि स्पर्शावर, खो-खोत पाठीवरच्या थापेवर. चेंडूच्या मागे जायला शिकलेल्या बुद्धीला इथे धरायला काही सापडत नाही.

यंत्र कोणाला बघून शिकलं यावर त्याला काय दिसेल ते ठरतं, हे आजचं नाही. कोडॅकच्या काळात प्रयोगशाळांत रंग जुळवायला 'शर्ली कार्ड' वापरायचे. त्यावर एका गोऱ्या बाईचा फोटो असे. तिची कातडी बरोबर दिसली की रंग बरोबर, असा नियम. सावळ्या माणसांचे चेहरे त्यात अनेक वर्षं काळ्या डागासारखे निघत राहिले. यावर संशोधन करणाऱ्या लॉर्ना रॉथ यांनी नोंदवून ठेवलंय की १९६०-७०च्या दशकांत फिल्म सुधारण्यामागे मोठा रेटा होता तो चॉकलेट आणि लाकडी फर्निचरच्या जाहिराती करणाऱ्यांचा. त्यांना डार्क आणि मिल्क चॉकलेटमधला फरक फोटोत दिसत नव्हता. माणसांच्या चेहऱ्यांआधी चॉकलेटची दखल घेतली गेली, कारण चॉकलेटवाला मोठा गिऱ्हाईक होता. २०१८मध्ये जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांनी चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे ओळखणाऱ्या विकाऊ प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक फार तर ०.८ टक्के होती, काळ्या-सावळ्या स्त्रियांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत. तंत्र बदललं, सवय तीच राहिली.

म्हणून 'व्यावसायिकांना काय हवं ते विचारून आम्ही कॅमेरा बनवतो' हे वाक्य मला अर्धवट वाटतं. कुठल्या व्यावसायिकांना? स्पर्धेमागून स्पर्धा रात्री जागून, गारठ्यात जमिनीवर बसून फोटो काढणारा तालुक्याचा माणूस व्यावसायिक नाही का?

पण सगळा दोष जपानला देऊन मी मोकळा होणार नाही. कंपनीला कबड्डी शिकवायची म्हटली तर फोटो कुठून आणायचे? प्रो कबड्डीचं चित्रण २०१४पासूनचं आहे, भरपूर आहे. पण ते मॅटवरचं, बुटांतलं, झगमगाटातलं. मातीवरच्या, अनवाणी कबड्डीचे फोटो कुठे आहेत? गावोगावच्या स्पर्धांच्या बातम्या बघा. फोटोत हार घातलेले प्रमुख पाहुणे, नारळ, फीत, आणि मध्यरेषेवर दोन्ही संघांच्या मधोमध उभे राहून हसणारे आयोजक. खेळाडू पाठीमागे रांगेत. चढाई नाही, पकड नाही. एका दैनिकाला मी एकदा अंतिम सामन्यातल्या चढाईचा फोटो पाठवला. त्यांनी उद्घाटनाचा मागवला. फोटोचं मानधन नसतंच, जाहिरात आणली तर कमिशन असतं. आणि जाहिरात पाहुणा देतो, चढाई करणारी मुलगी देत नाही. रात्रीच्या सामन्याचा फोटो तर जवळपास बादच, कारण नेटवर्क शोधत मी चौकापर्यंत पोचतो तोवर जिल्ह्याचं पान लागलेलं असतं.

जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या पुरुष आणि महिला दोन्ही संघांनी जिंकला. दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. आता डोळे मिटून त्या सामन्यातला एक सूर मारतानाचा फोटो आठवा. चषक हातात घेतलेला आठवेल. खेळ आठवणार नाही. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानं १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीचं प्रात्यक्षिक दाखवलं होतं. त्याच ऑलिंपिकमध्ये लेनी रिफेनश्टाल मैदानात खड्डे खणून, रुळांवर कॅमेरे चालवून खेळाडूंची शरीरं टिपत होती. नाझी प्रचाराचंच ते काम, पण खेळ कुठून बघायचा हे तिच्यानंतर जग शिकलं. विदर्भातली माणसं तेव्हा तिथेच होती. आपला खेळ कुठून बघायचा हे मात्र आपण अजून ठरवलेलं नाही.

यावर एक जण हमखास म्हणतो, 'कॅमेऱ्यानं काय होतं, नजर पाहिजे.' तो नील लाइफरचं उदाहरण देतो. १९६५चा, खाली पडलेल्या लिस्टनवर ओरडणाऱ्या मुहम्मद अलीचा फोटो. एका रोलीफ्लेक्सवर काढलेला, फ्लॅश पुन्हा भरेपर्यंत दुसरा फोटो मिळणार नव्हता. खरं आहे. पण लाइफरच्या डोक्यावर, रिंगच्या वर, मोठे फ्लॅश टांगलेले होते आणि त्याच्या पाठीशी 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड' होतं. नजर तर हवीच. तिच्यासाठी कुणीतरी दिवे लावावे लागतात, हेही त्या फोटोतून शिकायचं.

दुसरा म्हणतो, 'गडचिरोलीत दवाखान्याला रस्ता नाही आणि तुम्ही कॅमेऱ्याचं काय घेऊन बसलात?' याचा मला जास्त राग येतो. १९८२मध्ये चंद्रपूरपासून वेगळा झाल्यापासून हा जिल्हा बाहेरच्यांना दोनच तऱ्हेच्या फोटोंत दिसत आलाय: चकमक आणि साहित्यवाटप. मुलचेऱ्यात गोंडी, बंगाली, तेलुगू, मराठी बोलणारी पोरं एकाच मैदानावर खेळतात. रस्ता मागणारा माणूस आधी माणूस म्हणून दिसावा लागतो. पोरगी चढाईला जाताना दिसली, तिचा दम, तिचे डोळे, तिचा पाय दिसला, तर ती कुणाच्या दयेचा विषय राहत नाही.

तर माझ्या मागण्या अशा. कंपन्यांनो, कबड्डी आणि खो-खो शिकवा, आणि शिकवताना मातीवरचे सामनेही दाखवा. खेळ ओळखण्याची बुद्धी फक्त सर्वांत महागड्या मॉडेलांत कोंडून ठेवू नका. बटण दाबण्याच्या आधीचा क्षण साठवून ठेवण्याची सोय स्वस्त कॅमेऱ्यांतही द्या, कारण पाठीवर थाप पडून गेल्यावर बोट हलतं. फोटोसोबत आवाज नोंदवण्याची सोयही द्या. मी खेळाडूचं नाव तिथेच मराठीत बोलून ठेवीन, म्हणजे ओळीत 'एक खेळाडू' असं छापायला कुणाला सबब राहणार नाही.

संपादकांनो, पाहुण्यांचा फोटो आत टाका, चढाईचा वर घ्या. खाली काढणाऱ्याचं नाव द्या आणि पैसे द्या.

आणि तुम्ही, हे फोनवर वाचणारे. पुढच्या स्पर्धेला स्टेजसमोर गर्दी करू नका. मध्यरेषेच्या टोकाला, जमिनीवर बसा. खेळाडूला आधी विचारा, मग तिच्या नावासकट फोटो ठेवा. तुमचा फोन फोकस चुकवेल, फोटो हलेल. तरी काढा. उद्याची यंत्रं आजच्या फोटोंवरच शिकणार आहेत, आणि त्या ढिगात चढाईचा फोटो नसेल तर त्यांना ती कधीच दिसणार नाही.