पडद्याला कान नसतात

“फादर, आता मास्तर कशाला हवेत? सगळे यूट्यूबवर आहे.” मूर्तिजापुरात मुलांसाठी आठवड्यातून एकदा गायनाचा वर्ग सुरू करावा, अशी सूचना मी मांडली, तेव्हा एका पालकांनी दिलेले हे उत्तर. त्यांचा हेतू वाईट नव्हता. मास्तरांना मानधन द्यावे लागते, मोबाईल तर घरात आहेच. तरीही हा विचार मला मान्य नाही.

प्रथम त्यातील सत्य मान्य करू. ख्रिस्तसभेने संगीताच्या नव्या साधनांकडे पाठ फिरवलेली नाही. अकराव्या शतकात अरेझ्झोचे गुइदो या संन्याशाने रेघांवर स्वर मांडण्याची पद्धत रूढ केली, ती याचसाठी की कधी न ऐकलेले गीतही गायकाला वाचून गाता यावे. पंडित भातखंडे यांनी घराण्यांत जपलेल्या बंदिशी स्वरलिपीत छापून सर्वांच्या हाती दिल्या. आज आपल्या तालुक्यातील खेड्यातली मुलगी मोबाईलवर थोर गायकांचे गाणे ऐकू शकते, हे वरदानच होय.

परंतु ऐकल्याने ओढ लागते. विद्या मिळवण्यासाठी गुरूकडेच जावे लागते. पंडित भीमसेन जोशी यांची हकीकत प्रसिद्ध आहे. बालपणी अब्दुल करीम खाँसाहेबांची ध्वनिमुद्रिका ऐकून ते वेडावले आणि १९३३ साली गुरूच्या शोधात घर सोडून निघाले. तबकडी पुरेशी असती, तर ते घरीच बसले असते. अखेर कुंदगोळला सवाई गंधर्वांच्या पायाशी त्यांना हवे ते लाभले.

पडदा गातो, पण ऐकत नाही. स्वर उतरला एवढे दाखवणारी ॲप निघाली आहेत; परंतु मूल भ्याले म्हणून उतरला, की पट्टी त्याला झेपत नाही म्हणून, हे मास्तरांनाच उमगते. गाडगेबाबांचे बालपण याच तालुक्यातील दापुरे गावी गेले. कीर्तनात ते श्रोत्यांना प्रश्न विचारीत, उत्तर वदवून घेत आणि मगच पुढे जात. शिकवणे ते हेच.

“मग ऑनलाइन शिकवणी लावू,” असे कोणी म्हणेल. २०२० च्या टाळेबंदीत तो अनुभव अनेकांनी घेतला. आवाज पोहोचण्यास क्षणभर उशीर लागतो, त्यामुळे गुरुशिष्यांना एकत्र गाता येत नाही. तानपुऱ्याचा अखंड नाद तर ही यंत्रणा पुष्कळदा गोंगाट समजून गाळून टाकते. जिथे मास्तर नाहीतच, तिथे हा मार्गही चालेल. परंतु मास्तर उपलब्ध असताना केवळ पैसे वाचवण्यासाठी तो पत्करणे, ही मुलांची फसवणूक आहे.

याचे परिणाम वेदीपर्यंत येतात. मिस्सात तयार ट्रॅक वाजू लागला, की तो कोणासाठी थांबत नाही. मागच्या बाकावरील आजीबाईंना पट्टी झेपली नाही, तर हार्मोनियमवाला ती उतरवतो. ट्रॅक वाजतच राहतो आणि आजीबाई गप्प होतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेत भाविकांच्या सक्रिय सहभागाचा आग्रह धरला, तो काय यासाठी? त्यात भर म्हणजे, गीत पुरते बसण्याआधीच मुलाची चित्रफीत समाजमाध्यमांवर झळकते. शेपन्नास अंगठे उमटतात आणि रियाज तिथेच संपतो. चूक सांगणारा मग वैरी वाटू लागतो.

पालकहो, मोबाईल फेकून द्या, असे मी म्हणत नाही. मास्तरांनी शिकवलेले गीत ध्वनिमुद्रित करून मुलाने घरी दहादा ऐकावे, जरूर ऐकावे. परंतु आठवड्यातून एक तास त्याला जिवंत माणसासमोर बसवा. चर्चच्या सणाला रोषणाई आणि ध्वनिक्षेपकावर आपण खर्च करतो. त्यातील थोडा वाटा मास्तरांच्या मानधनासाठी काढणे अशक्य नाही. २२ नोव्हेंबरला संगीताची आश्रयदाती संत सिसिलिया हिचा सण येतो. त्या दिवशी वर्ग सुरू करू. हार्मोनियम मी पुसून ठेवतो. मुले तुम्ही पाठवा.