पोरगं नाटक शिकायला जायचं म्हणतं तेव्हा

भात झोडून झालं, पेंढा रचून झाला, की आपल्या कर्जत-खालापूरकडे जत्रांचे दिवस जवळ येतात. देवळापुढं फळ्यांचा मंच बांधला जातो, शाळेच्या पडवीत रात्री तालमी चालतात, आणि कालपर्यंत डोक्यावरून भारे वाहणारा गडी एका रात्रीपुरता जिरेटोप चढवून राजा होतो. नाटक आपल्या घराला परकं नाही. तरीही घरातला मुलगा किंवा मुलगी एक दिवस म्हणते, "मला नाटक शिकायला जायचंय," तेव्हा जेवता जेवता सगळे थांबतात. आजी म्हणते, "अगं, ते काय शिकायचं असतं? ते अंगात असावं लागतं." बाप काहीच बोलत नाही. त्याच्या डोक्यात एकच हिशेब चालू असतो, की यावर पोट भरतं का?

दोन्ही शंका रास्त आहेत. बारावीचे निकाल लागले, की असा प्रश्न कुठल्याही घरात निघू शकतो. तेव्हा नाही म्हणायचं असो की हो म्हणायचं असो, माहिती घेऊन म्हटलेलं बरं.

आधी आजीची शंका. बैल अंगानं बळकट जन्मतो, पण औताला चालायला त्यालाही शिकवावं लागतं. आपल्या जत्रेतल्या नाटकात तिसरा अंक येईतो निम्म्या पात्रांचा घसा बसलेला असतो, हे आपण दरवर्षी ऐकतो. गुण नसतो म्हणून तसं होत नाही. श्वास कुठून घ्यायचा आणि आवाज कसा टाकायचा, हे कुणी सांगितलेलं नसतं. नाटकाच्या शाळेत पहिले कित्येक महिने हेच चालतं. पोटातून श्वास, शब्दाचा उच्चार, ध्वनिक्षेपकावाचून शेवटच्या रांगेत पोचणारा आवाज. मग शरीर: उभं कसं राहायचं, पडायचं कसं म्हणजे हाड मोडणार नाही, दुसऱ्याचं बोलणं चालू असताना हातांचं करायचं काय. (हातांचं करायचं काय, हा हौशी नटाचा सर्वांत मोठा पेच असतो. तो एकदा उपरण्याचं टोक धरतो ते नाटक संपेपर्यंत सोडत नाही.) मग नाटक वाचायला शिकवतात, म्हणजे हे पात्र हे वाक्य आत्ताच का बोलतं, ते शोधायला. आणि त्याबरोबर सुतारकाम, रंगकाम, दिवे लावणं, कपडे शिवणं.

दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ साली निघालं. १९६२ पासून १९७७ पर्यंत त्याचे संचालक होते इब्राहिम अल्काझी. ते जन्मानं पुण्याचे. शिस्त अशी, की रंगमंच झाडण्यापासून विद्यार्थ्यानं सगळी कामं स्वतः करायची. नट म्हणजे तोंडाला रंग लावून मिरवणारा, ही समजूत त्यांनी मोडली. तिथं आजही तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. देशभरातून दरसाल तीसच्या आसपास मुलं घेतात आणि निवडलेल्यांना दरमहा शिष्यवृत्ती मिळते. मात्र तिथं जायला पदवी लागते, आधी काही नाटकांत काम केल्याचा अनुभव लागतो, आणि हिंदी-इंग्रजी समजावी लागते. म्हणजे बारावीच्या पोरानं उद्याच दिल्लीची गाडी धरायची घाई करू नये. कॉलेजात एकांकिका कराव्यात, राज्य हौशी नाट्य स्पर्धेत उतरावं. १९५४ पासून चालत आलेली ही स्पर्धा, आणि कित्येक नटांची पहिली पायरी तिथलीच.

दिल्ली दूर वाटत असेल तर जवळही सोय आहे. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र १९८७ पासून आहे, तिथं नाटकात पदवी घेता येते. मुंबई विद्यापीठाची थिएटर अकादमी २००३ साली कालिन्याला निघाली. तिथला अभ्यासक्रम पदवीनंतरचा, दोन वर्षांचा. कर्जतहून लोकलनं कुर्ल्याला उतरलं, की पुढं फार लांब नाही. मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातही नाट्यशास्त्राचा विभाग आहे. या सगळ्या सरकारी किंवा विद्यापीठाच्या शाळा.

या मुंबईच्या अकादमीचे पहिले प्रमुख होते वामन केंद्रे. बीड जिल्ह्यातल्या दरडवाडी या लहानशा गावचे. तिथून निघून ते दिल्लीच्या नाट्य विद्यालयात शिकले. १९८७ साली त्यांनी जोगतिणींच्या आयुष्यावरचं 'झुलवा' हे नाटक रंगमंचावर आणलं. २०१३ साली ते ज्या शाळेत शिकले तिचेच संचालक झाले, आणि २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. गावाकडच्या बोलीमुळं आपलं पोर तिथं मागं पडेल, अशी भीती ज्यांना वाटते त्यांनी हे नाव लक्षात ठेवावं. शाळेत उच्चार घासूनपुसून घेतात, पण गावाकडचं पाहिलेलं-ऐकलेलं तिथं खर्च होत नाही, कामाला येतं. ठाकरवाडीत ढोलावर रात्रभर नाचणाऱ्या पोराच्या पायात जो ताल असतो, तो शहरातल्या मुलाला शिकायला वर्ष लागेल.

आता बापाचा हिशेब. हा जरा नीट मांडायला हवा, कारण इथंच घरं फसतात.

शाळेतून बाहेर पडला म्हणजे पगार सुरू झाला, असं या धंद्यात नाही. दिल्लीच्या विद्यालयाचं स्वतःचं रंगमंडळ १९६४ पासून आहे, तिथं घेतलेल्या कलाकारांना दरमहा पगार मिळतो. पण जागा किती थोड्या, ते सांगायला नको. मराठी व्यावसायिक नाटकात 'नाइट'वर पैसे मिळतात. नाइट म्हणजे एका प्रयोगाचे ठरलेले पैसे. प्रयोग झाला तर पैसे, रद्द झाला तर नाही. महिना-दीड महिना तालीम चालते, तिचे पैसे थोडे, कधी नाहीतच. प्रयोग मुख्यतः शनिवार-रविवारी आणि सणावारी. पावसाळ्यात दौरे मंदावतात. नाटक चाललं तर शंभर-दोनशे प्रयोग होतात, पडलं तर दहाव्या प्रयोगाला बंद. आपल्याला हे नवीन नाही. पीक हातात येईपर्यंत पैसा नाही, आणि आलं तरी भाव कुणी सांगावा?

शिवाय कधी कधी सगळंच बसतं. मार्च २०२० मध्ये करोनामुळं महाराष्ट्रातली नाट्यगृहं बंद झाली. मध्ये काही महिने निम्म्या खुर्च्यांवर उघडली, पुन्हा मिटली, आणि २२ ऑक्टोबर २०२१ ला परत सुरू झाली. त्या काळात नाइटवर जगणाऱ्या नटांचे आणि पडद्यामागच्या कामगारांचे हाल झाले. गावाकडं घर आणि चार पोती तांदूळ असणं म्हणजे काय, ते अशा वेळी कळतं.

मग किती वर्षं थांबायचं? काही ठाऊक असलेली माणसं घेऊन पाहू. पुण्याच्या रोहिणी हट्टंगडी १९७४ साली दिल्लीच्या विद्यालयातून बाहेर पडल्या. परत येऊन त्यांनी मराठी रंगभूमीवर कामं केली. 'गांधी' चित्रपटातली कस्तुरबा आली १९८२ साली, म्हणजे आठ वर्षांनी. ओम पुरी १९७३ चे. पंजाबातल्या गरीब घरातले, लहानपणी चहाच्या दुकानात काम केलेले. पहिला चित्रपट मिळाला तो मराठी, 'घाशीराम कोतवाल', १९७६ साली. 'अर्धसत्य' १९८३ चा, म्हणजे दहा वर्षं. अतुल कुलकर्णी सोलापुरात हौशी नाटकं करत दिल्लीला गेले, १९९५ ला शिकून बाहेर पडले. 'हे राम' २००० साली आला आणि त्यातल्या कामाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पाच वर्षं. हापूसचं कलमसुद्धा पाचव्या-सहाव्या वर्षी धरतं आणि खरं उत्पन्न त्याहून पुढं. आणि ही झाली नाव झालेली माणसं. त्यांच्याच बाकावर बसून तितकंच शिकलेली इतर कितीतरी मुलं चांगली नटं असूनही आपल्याला नावानं ठाऊक नाहीत.

कलमं लहान असतात तोवर शहाणा बागायतदार मधल्या जागेत काहीतरी पीक घेतोच. नाटक शिकलेल्या मुलालाही तसं मधलं पीक लागतं. शाळांतून मुलांची नाट्यशिबिरं घेणं, स्नेहसंमेलनं बसवणं, आवाजाचं काम करणं, दुसऱ्याच्या नाटकात प्रकाशयोजना किंवा नेपथ्य सांभाळणं. शाळेत सुतारकाम आणि दिवे शिकवलेले असतात ते इथं पोट भरतात. यात कमीपणा नाही. आपल्या चौक-कर्जत रस्त्यावर ज्यांनी २००५ साली स्टुडिओ उभारला ते नितीन देसाई कला-दिग्दर्शक होते. पडद्यावर न दिसणाऱ्या कामासाठी त्यांना चार राष्ट्रीय पुरस्कार मिळाले.

त्या स्टुडिओबद्दल एक बोललं पाहिजे. 'जोधा अकबर'चे राजवाडे तिथं उभे राहिले. देसाई ऑगस्ट २०२३ मध्ये गेले, आणि पुढं तो स्टुडिओ राज्य सरकारच्या चित्रपट महामंडळाकडं आला. चित्रीकरण म्हटलं की गर्दीच्या दृश्यांना माणसं लागतात. फेटा बांधून, भाला धरून दिवसभर उन्हात उभं राहायचं, संध्याकाळी रोज घ्यायचा. रोजगार म्हणून ठीकच आहे, कुणी केला तर मी नाव ठेवणार नाही. पण पोरगं त्याला अभिनयाची शाळा समजू लागलं तर त्याला जागं करा. भाला धरून दहा वर्षं उभा राहिला तरी त्याला संवाद म्हणता येणार नाही, कारण तिथं शिकवायला कुणाला वेळ नसतो.

आणि आता सर्वांत जपायची गोष्ट. आपल्या दोन्ही तालुक्यांत शहरवाल्यांना शेतघरासाठी जमिनी हव्या आहेत. दहा गुंठे विकले तरी एकदम मोठी रक्कम हातात येते. त्याच रकमेवर डोळा ठेवून मुंबईत अभिनयाचे खाजगी वर्ग चालवणारेही आहेत. त्यांतले काही चांगले, मन लावून शिकवणारे. पण बऱ्याच ठिकाणी फी लाखांत आणि शिक्षण आठवड्यांत. भाताचं बी आणताना आपण कर्जतच्या संशोधन केंद्राचं नाव विचारतो, रस्त्यावर कुणी पिशवी पुढं केली म्हणून पेरत नाही. इथंही तसंच विचारा. शिकवणार कोण, त्यांनी स्वतः कुठल्या नाटकांत काम केलं? वर्षात पूर्ण लांबीची किती नाटकं बसवता? मागच्या वर्षीच्या तीन विद्यार्थ्यांशी बोलू द्याल का? जो म्हणेल, "काम मिळवून देण्याची हमी आमची," त्याला नमस्कार करून उठावं. निवडचाचणीसाठी, नाव नोंदवण्यासाठी, फोटो काढण्यासाठी आधी पैसे मागणाऱ्यालाही तोच नमस्कार. सरळ माणूस नटाला घेताना पैसे मागत नाही. मुलात गुण असेल तर विद्यापीठाच्या शाळेत थोड्या फीत, दिल्लीला तर शिष्यवृत्तीवर शिकता येतं. त्यासाठी सातबारावरचं नाव कमी करायची गरज नाही. एकदा गेलेली जमीन नाटक शंभर प्रयोग चाललं तरी परत येत नाही.

घरात मुदत ठरवावी. शिक्षणाची वर्षं आणि पुढं पाच वर्षं, असं माझं मत. त्या काळात घरानं धान्य आणि छप्पर द्यावं, रोकड थोडी, आणि दर दिवाळीला "काय झालं तुझ्या नाटकाचं?" म्हणून पाहुण्यांपुढं टोचू नये. मुलानंही लावणी-कापणीला चार दिवस यावं. मुदतीनंतर दोघांनी बसून खरं खरं बोलावं.

गावालाही एक सांगणं आहे. शिकून आलेलं पोर जत्रेचं नाटक बसवायला तयार असेल तर त्याला नारळ आणि टॉवेल देऊन वाटेला लावू नका. मंडपवाल्याला देता तसे ठरवून पैसे द्या. विषयाला तोटा नाही. नेरळ-माथेरानच्या भाई कोतवालांनी शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या काढल्या आणि २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर ते हुतात्मा झाले. त्यांच्यावर २०२० साली चित्रपट निघाला. आपल्या गावच्या मंचावर नाटक व्हायला काय हरकत आहे?

मुलीचं वेगळं सांगायला हवं, कारण तिला नाही म्हणताना घरं कारण देतात ते नाटकाचं आणि खरी काळजी असते रात्रीची. काळजी खोटी नाही. साडेआठचा प्रयोग अकराच्या पुढं सुटतो. मुंबईहून कर्जत शंभर किलोमीटर, लोकलला दोन तासांच्या वर लागतात, खोपोली त्याच्याही पुढं. आणि स्टेशनवर उतरल्यावर गावाला जायला त्या वेळी रिक्षा कुठली? तेव्हा रोज ये-जा करून हे काम होणार नाही, हे आधीच धरून चालावं. शिकत असताना विद्यापीठाचं वसतिगृह मिळतं का ते पाहावं. पुढं दोघी-तिघी मिळून खोली घेतात. पनवेल, कल्याण, डोंबिवली, वाशी, ठाणे इथं चांगली नाट्यगृहं आहेत, त्या बाजूला कुणी नात्यातलं असेल तर प्रयोगाच्या रात्री तिथं मुक्काम करता येतो. कल्याणला मावशी असेल, तर प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी एकदा तिच्याकडं जाऊन बोलून या.